शिबिरात न सापडणारं आंधळेपण

‘मोफत नेत्रतपासणी व मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिबिर’ असा फलक महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी वर्षातून एकदा तरी लागतोच. कुणाचा वाढदिवस असतो, कुणाची पुण्यतिथी. या शिबिरांमुळे असंख्य म्हाताऱ्या माणसांना पुन्हा तांदूळ निवडता आले, नातवंडांची तोंडं दिसली, आणि ते काम करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. देशाने १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तेव्हापासूनच्या बहुतेक मेहनतीचं फळ मोतीबिंदूच्या बाबतीत मिळालं, आणि ते योग्यच झालं. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीतही पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूचंच निघालं.

पण मोतीबिंदूने गेलेली नजर परत आणता येते. काचबिंदू, मधुमेहाने बिघडलेला पडदा, बुबुळावर पडलेलं फूल, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा सुटलेला पडदा यांतली नजर एकदा गेली की बहुतेक वेळा गेलीच. आपली सगळी यंत्रणा पहिल्या प्रकारासाठी उभी आहे: माणूस आंधळा होईपर्यंत थांबायचं, मग गाडीत घालून न्यायचं, शस्त्रक्रिया करायची आणि आकडा लिहायचा. दुसऱ्या प्रकारात थांबणं म्हणजेच नुकसान. त्यासाठी वेगळी व्यवस्था लागते, आणि ती मागणं हे आपलं नागरिकांचं काम आहे. ती का आणि कशी मागायची, ते मुद्द्यांनी मांडतो.

१. तक्ता वाचता येतो, म्हणून डोळे चांगले आहेत असं नाही.

काचबिंदूत बिघाड डोळ्याच्या मागच्या नसेत होतो. डोळ्याच्या आत सतत एक पाणी तयार होतं आणि बारीक जाळीतून बाहेर जातं. नळ चालू राहिला आणि मोरीचं भोक तुंबलं तर जे होतं, तेच इथे होतं. फक्त हे पाणी बाहेर सांडत नाही, आत दाब वाढवतं. निरोगी डोळ्यात हा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. तो वाढला, किंवा काहींच्या बाबतीत तेवढाच राहूनही नसेला सोसला नाही, तर नस हळूहळू सुकत जाते.

ती सुकते तेव्हा नजर कडेकडून जाते, मधली शाबूत राहते. त्यामुळे पेपर वाचता येतो, सुईत दोरा ओवता येतो, भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळही वाचता येते. माणूस दाराच्या चौकटीला खांदा घासतो आणि घरचे म्हणतात, लक्ष कुठे असतं तुझं. जिना उतरताना शेवटची पायरी चुकते. रस्ता ओलांडताना डावीकडची दुचाकी एकदम अंगावर आल्यासारखी वाटते. एका डोळ्यात जे दिसत नाही ते दुसरा डोळा भरून काढतो, म्हणून कित्येक वर्षं काहीच कळत नाही. दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही.

आता शिबिरातली तपासणी आठवा. टेबल, तक्ता, टॉर्च. तक्ता जी नजर मोजतो, तीच काचबिंदूत सर्वांत शेवटी जाते. सहा मीटरवरून सगळी अक्षरं वाचणारा माणूस ‘नॉर्मल’ म्हणून घरी जातो, आणि तपासणी झाली या समाधानात पुढची दोन-तीन वर्षं डॉक्टरकडे फिरकत नाही. अंधत्वाच्या झटपट पाहण्यांतही बहुधा अशीच तक्त्यावरची नजर मोजतात. त्यामुळे आकडेवारीत काचबिंदूचा वाटा दिसतो त्याहून खरा वाटा मोठा असणार, असं माझं मत आहे.

काचबिंदूचा दुसरा एक प्रकार मात्र गाजावाजा करत येतो. संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत वलयं, कपाळ फुटेल असं दुखणं, उलटी. घरात त्याला पित्त किंवा अर्धशिशी समजून लिंबूपाणी दिलं जातं. तो तासांचा प्रश्न असतो. वेळीच ओळखला तर लेझरने बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडून पुढचे झटके टाळता येतात.

२. चाळिशीचा चष्मा ही आपल्याकडची सर्वांत मोठी संधी आहे, आणि ती आपण वाया घालवतो.

दक्षिण भारतातल्या मोठ्या लोकसंख्या-पाहण्यांत काचबिंदू सापडलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांना तोवर आपल्याला हा आजार आहे हे माहीत नव्हतं. ते डॉक्टरकडे जात नव्हते असं नाही. डोळ्यांसाठी गेल्यावरही नस पाहिली गेली नव्हती, असेही त्यांत बरेच होते.

घरोघर जाऊन सगळ्यांची काचबिंदूची तपासणी करावी असं मी म्हणत नाही. तज्ज्ञांचा त्याला आक्षेप आहे आणि तो मला पटतो: खर्च फार, हाती लागणारे रुग्ण थोडे, आणि खोट्या संशयाने घाबरणारे पुष्कळ. पण चाळिशी सगळ्यांना लागते. शेतकरी, शिक्षिका, रिक्षावाला, शिवणकाम करणारी बाई, प्रत्येक जण एकदा तरी जवळचं दिसेना म्हणून चष्म्याच्या दुकानात जातो. त्या दिवशी नंबराबरोबर डोळ्याचा दाब मोजला आणि बाहुलीत थेंब घालून नस पाहिली, तर आयुष्यभराचं आंधळेपण टळू शकतं. दुकानात हे सगळं होणार नाही, मान्य. मग दुकानदाराने निदान एक छापील चिठ्ठी द्यावी: ‘आपण चाळिशी ओलांडली आहे, नेत्रतज्ज्ञांकडून दाब आणि नस तपासून घ्या.’ एवढं करायला कायदा बदलावा लागत नाही.

दुसरं, काचबिंदू रक्ताच्या नात्यात फिरतो. आईला किंवा वडिलांना आहे, सख्ख्या भावाला आहे, तर आपल्याला होण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. तरी रुग्णाच्या कागदावर ‘भावंडांना आणि मुलांना तपासणीस आणावे’ हे वाक्य क्वचितच असतं. सरकारी रुग्णालयांच्या केसपेपरवर ते छापलेलंच असावं.

आणि घरातल्या बायकांचं काय? ‘मला काय आता वाचायचंय, चाललंय तेवढं चालू दे,’ हे वाक्य मी इतक्या आज्यांच्या आणि काकूंच्या तोंडून ऐकलं आहे की त्यामागचा हिशेब आता पाठ झाला आहे. दवाखान्यात जायचं तर मुलाची रजा, गाडीभाडं, सुनेवर स्वयंपाक. ती स्वतःहून म्हणणार नाही. तिला नेणं हे घरातल्या बाकीच्यांचं काम आहे.

३. रोजचा थेंब हे औषध आहे, त्याची सोय रक्तदाबाच्या गोळीसारखी हवी.

काचबिंदूचं निदान झालं की बहुतेकांना आयुष्यभर थेंब घालावे लागतात. थेंब घालून काही सुधारल्यासारखं वाटत नाही, कारण ते आहे ती नजर राखतात, गेलेली आणत नाहीत. वर डोळा थोडा चुरचुरतो, बाटली महिन्याभरात संपते आणि पैसे लागतात. चार-सहा महिन्यांत माणूस थेंब सोडतो. डॉक्टर ओरडतात आणि पेशंट यायचाच बंद होतो.

थेंब घालणं हे कौशल्य आहे, आणि ते कुणी शिकवत नाही. डोकं मागे करायचं, खालची पापणी बोटाने ओढून खळगा करायचा, बाटलीचं टोक डोळ्याला न लावता एकच थेंब सोडायचा, डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा दीड-दोन मिनिटं दाबून धरायचा. कोपरा दाबला नाही तर औषध घशात उतरतं, आणि काही थेंबांनी दमेकऱ्याला धाप लागू शकते किंवा नाडी मंदावू शकते. दोन औषधं असली तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. हात थरथरणाऱ्या सत्तरीच्या माणसाचे निम्मे थेंब गालावर जातात. ‘नियमित घालतो’ असं तो खरंच सांगत असतो आणि डोळ्यात काहीच पोचत नसतं.

प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला मिळतात. त्याच खिडकीवर काचबिंदूचे थेंब मिळावेत, ही माझी या लेखातली सर्वांत आग्रहाची मागणी आहे. स्वस्त, जुनी, चांगली औषधं त्यात आहेत. काही बाटल्या उघडेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवाव्या लागतात, पण लसींसाठी केंद्रात शीतपेटी असतेच. थेंब घेऊन जाताना परिचारिकेने एकदा समोर घालून दाखवायला लावायचं, इतकंच. जो महिनाभर आला नाही त्याच्या घरी आशाताईंनी डोकवायचं. क्षयरोगाच्या रुग्णाचा माग आपण काढतो, तसा याचाही काढता येईल.

४. खाजणाऱ्या डोळ्यासाठी मेडिकलमधून आणलेला थेंब.

उन्हाळ्यात मुलांचे डोळे खाजतात. लाल होतात, पोर रात्रभर चोळत बसतं. आई मेडिकलमध्ये जाते, दुकानदार एक बाटली देतो आणि दुसऱ्या दिवशी डोळा स्वच्छ पांढरा. गुण आला म्हणून दर उन्हाळ्यात तीच बाटली, मग दर महिन्याला. त्या बाटलीत स्टिरॉइड असतं. महिनोन्महिने घातलं तर काही डोळ्यांत दाब वाढतो, नस सुकते, मोतीबिंदू होतो, आणि हे सगळं दहा-बारा वर्षांच्या मुलाला. असा मुलगा नेत्रतज्ज्ञांसमोर येतो तेव्हा दोन्ही डोळ्यांत फक्त मधली थोडी नजर उरलेली असू शकते.

हे औषध चिठ्ठीशिवाय विकू नये असं वेष्टनावर छापलेलं असतं. अन्न व औषध प्रशासनाने झोपेच्या गोळ्यांवर जशी नजर ठेवली तशी यावर ठेवावी. औषध विक्रेत्यांच्या संघटनांनीही पुढे यावं. आपल्याच गल्लीतल्या पोराचा प्रश्न आहे.

५. शेतातला डोळा.

पन्नाशीच्या आतल्या लोकांत अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदू नाही. ते बुबुळावरचे डाग आहेत, गावाकडे ज्याला ‘फूल पडलं’ म्हणतात ते. त्यातला मोठा भाग शेतात सुरू होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. तोडताना ते सपकन डोळ्याला लागतं. मळणीत ज्वारी-बाजरीचं कुसळ उडतं. जखम इतकी बारीक असते की आरशात दिसत नाही, पण पानावरची बुरशी आत गेलेली असते. दोन दिवस डोळा खुपतो. कुणी जिभेच्या टोकाने कुसळ काढून देतं, कुणी एरंडेल घालतं, कुणी बाळंतिणीचं दूध, कुणी मध. नाहीतर घरात पडलेली जुनी बाटली, आणि ती स्टिरॉइडची निघाली तर बुरशीला रान मोकळं. आठवड्याभरात बुबुळावर पांढरा ठिपका येतो. बुरशीचा व्रण बरा व्हायला कित्येक आठवडे दर तासाला औषध घालावं लागतं, आणि बरा झाला तरी डाग राहतो.

आता हे ऊसतोड मजुराच्या बाबतीत बघा. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर, फडाच्या कडेला कोपी. एक दिवस काम चुकलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. अशा वेळी डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून चाळीस किलोमीटरवरच्या रुग्णालयात कोण जाईल? तो जातो तेव्हा पांढरं फूल आधीच पडलेलं असतं.

नेपाळमधल्या भक्तपूर इथे एक काम झालं आणि २००१ साली प्रसिद्ध झालं. गावातल्या स्वयंसेवकांना साध्या दिव्याने आणि रंगद्रव्याच्या पट्टीने बुबुळावरचा ओरखडा ओळखायला शिकवलं, आणि तीन दिवस अँटिबायोटिक मलम घालायला दिलं. दुखापतीनंतर १८ तासांच्या आत जे आले, त्यांतल्या एकालाही व्रण झाला नाही. पुढे नेपाळमध्येच झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र गावोगाव असे स्वयंसेवक नेमूनही व्रणांचं एकूण प्रमाण घटलेलं दिसलं नाही. त्यामुळे मलम वाटलं की प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या दिवशी डोळ्यावर कुणाची तरी जाणती नजर पडणं मोलाचं आहे, याबद्दल मला शंका नाही.

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ठरलेला असतो, मजूर कुठल्या फडात आहेत हे स्लिपबॉयला रोज माहीत असतं. कारखान्याने प्रत्येक टोळीमागे संरक्षक चष्मे द्यावेत, टोळीत एकाला प्रथमोपचार शिकवावेत, आणि डोळ्याच्या दुखापतीचा पहिला दिवस खाड्यात धरू नये. चष्म्यावर घाम साचतो, धूळ बसते आणि ते काढून ठेवले जातात हे मला माहीत आहे. म्हणून जाळीच्या, हलक्या चष्म्यांचे प्रयोग आपल्याच कृषी विद्यापीठांत व्हायला हवेत.

याच मुद्द्यात आणखी एक. तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी किंवा ट्यूब घरात कुठेही पडलेली असते. लहान मूल ती दाबतं, ती फुटते, चुना डोळ्यात जातो. चुना बुबुळ जाळत आत शिरतो. त्या क्षणी मुलाला उचलून नळाखाली धरायचं, पापण्या उघडून निदान अर्धा तास पाणी सोडायचं, पापणीखाली अडकलेले चुन्याचे कण काढायचे आणि मगच गाडी शोधायची. पहिल्या दहा मिनिटांत घरातल्या माणसाने जे केलं, ते नंतर कुठल्याही तज्ज्ञाला करता येत नाही. हे अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवून ठेवायला हवं.

६. मधुमेह्यांच्या डोळ्याचा फोटो.

भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. चाळिशीपुढच्या मधुमेह्यांत साधारण आठांतल्या एकाच्या पडद्यावर त्याचा परिणाम झालेला असतो. पडद्यावर रक्तस्राव होईपर्यंत काही जाणवत नाही. वेळेत लेझर किंवा इंजेक्शनं दिली तर नजर टिकवता येते. म्हणून साखर जिथे तपासतात तिथेच वर्षातून एकदा पडद्याचा फोटो काढला जावा. फोटो काढायला तंत्रज्ञ पुरतो, वाचायला तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी बसला तरी चालतं. या मुद्द्यावर वाद असायचं कारण नाही, फक्त यंत्रं घ्यायला आणि चालू ठेवायला हवीत.

७. अपुऱ्या दिवसांचं बाळ.

३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासला पाहिजे. फारच लहान बाळाचा त्याआधी. नवजात कक्षांमुळे अशी बाळं आता जगतात, हे मोठं यश आहे. पण बाळ घरी गेलं, वजन वाढलं, सगळे आनंदात असतात आणि तारीख निघून जाते. उपचार लागला तर तो दोन-तीन दिवसांत व्हावा लागतो. डिस्चार्ज कार्डावर डोळ्याच्या तपासणीची तारीख मोठ्या अक्षरात, लाल शाईत असावी, आणि त्या तारखेला फोन जावा.

८. ‘आता काही करता येणार नाही.’

हे वाक्य कितीतरी जणांनी दवाखान्यात ऐकलं आहे. डॉक्टरांच्या दृष्टीने ते शस्त्रक्रियेपुरतं खरं असतं. ऐकणाऱ्याला मात्र आयुष्यच संपल्यासारखं वाटतं, आणि तो कोपऱ्यातल्या खाटेवर जाऊन बसतो. या वाक्यानंतर पुढचं वाक्य त्याच खोलीत, त्याच दिवशी बोललं गेलं पाहिजे: ‘शेजारच्या खोलीत जा, तिथे उरलेल्या नजरेत कसं राहायचं ते शिकवतात.’ ती खोली बहुतेक रुग्णालयांत नाही.

तिथे काय शिकवतात? पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही, गडद रंगाच्या ताटात दिसतो. पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी मारली की उतरताना पाय चुकत नाही. गॅसच्या बटणावर उंचवट्याचा ठिपका लावला की ज्योत किती आहे ते बोटाला कळतं. नोटा आकारावरून वेगळ्या करून ठेवता येतात. भिंग कुठलं, किती अंतरावर धरायचं, प्रकाश कुठल्या बाजूने घ्यायचा, हे मोजून ठरवावं लागतं. मोबाइलमधली ‘टॉकबॅक’ची सोय मराठीत बोलते; ती सुरू करायला दोन मिनिटं आणि सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. आणि पांढरी काठी. काठी हातात घेतली की लोक आंधळा म्हणतील, या लाजेपायी माणसं वर्षानुवर्षं घरात बसतात. काठी धरायला शिकवणारा माणूस घरी, आपल्याच गल्लीत, आपल्याच मोरीपासून संडासापर्यंत यावा लागतो.

मुंबईची नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) १९५२ पासून काम करते आहे. पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनने पुनर्वसनाचं काम तर केलंच, शिवाय ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय उभं केलं. उपचार आणि पुनर्वसन एका छताखाली यायला हरकत नाही, हे त्यातून दिसतं. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या माणसाला मात्र पुण्या-मुंबईचा पत्ता देणं म्हणजे काहीच न देणं.

कागदांचंही सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात केवळ तक्त्यावरची नजर धरलेली नाही, नजरेचा घेरही धरला आहे. घेर १० अंशांहून कमी उरला तर कायद्याने ते अंधत्व. १० ते ४० अंशांच्या दरम्यान असेल तर अल्पदृष्टी. म्हणजे पेपर वाचू शकणारा काचबिंदूचा रुग्णही प्रमाणपत्राचा हक्कदार असू शकतो. ‘तुम्हाला तर दिसतंय की,’ असं सांगून खिडकीवरून कुणाला परत पाठवलं, तर घेराच्या चाचणीचा कागद दाखवून पुन्हा मागा.

९. आत्याला दिसणारी माणसं.

माझ्या आत्याची नजर काचबिंदूने जवळपास गेली आहे. एके दुपारी ती शांतपणे म्हणाली, ‘अरे, त्या परकऱ्या पोरी कुणाच्या रे? मघापासून भिंतीशी ओळीनं उभ्या आहेत, बोलत काही नाहीत.’ घरात सन्नाटा. काकूने मीठ-मोहऱ्या काढल्या. कुणी मानसोपचार म्हणालं, कुणी बाहेरचं काही लागलं म्हणालं. आत्याने त्यानंतर महिनाभर त्या मुलींचं नावच काढलं नाही.

डोळ्याकडून मेंदूला जाणारी चित्रं कमी झाली की काहींच्या बाबतीत मेंदू आपली चित्रं स्वतःच रचतो. फुलांचे गालिचे, बारीक नक्षी, छोटी माणसं, मिरवणुका. त्यांना आवाज नसतो, ती बोलत नाहीत, आणि बघणाऱ्याला बहुतेक वेळा ती खरी नाहीत हे समजतं. शार्ल बोने या स्विस निसर्गअभ्यासकाने १७६० साली आपल्या आजोबांच्या बाबतीत याचं वर्णन करून ठेवलं. त्याचंच नाव या अवस्थेला आहे. हे वेड नाही आणि भूतबाधाही नाही. नजर एकीकडून दुसरीकडे पटापट फिरवली, दिवा लावला, उठून दोन पावलं टाकली की चित्रं अनेकदा विरतात. पुष्कळांच्या बाबतीत काही काळाने ती आपोआप कमीही होतात.

मी आत्याला हे समजावून सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं, ‘म्हणजे दुसऱ्यांनाही दिसतात?’ हो म्हटल्यावर ती मोकळी झाली. नजर कमी झालेल्या प्रत्येक रुग्णाला डॉक्टरांनी स्वतःहून विचारलं पाहिजे: ‘कधी नसलेलं काही दिसतं का?’ पेशंट आपण होऊन कधीच सांगणार नाही. या एका प्रश्नाला खर्च नाही, आणि अंगाऱ्या-धुपाऱ्यापासून, मांत्रिकापासून कितीतरी म्हाताऱ्या माणसांची सुटका होईल.

१०. आशा दाखवून लुटणाऱ्यांबद्दल थोडं.

‘काचबिंदू मुळापासून बरा’, ‘रातांधळेपणावर हमखास इलाज’ अशा जाहिरातींमागे माणसं जमिनी विकतात. नेत्रदानातून मिळतं ते पारदर्शक बुबुळ. त्याने बुबुळाचा आंधळेपणा जातो. सुकलेली नस किंवा खराब झालेला पडदा बदलता येत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावं लागतं आणि ते जरूर करावं, पण काचबिंदूच्या रुग्णाला ‘डोळे बसवून घ्या’ म्हणणं चुकीचं आहे.

पडद्याच्या आनुवंशिक आजारांत एका विशिष्ट जनुकाच्या बिघाडासाठी अमेरिकेत २०१७ साली जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली, ही खरी प्रगती. ती त्या एका बिघाडापुरती आहे आणि अफाट महाग आहे. आपल्या हातात असलेली गोष्ट जवळची आहे: मामाच्या मुलीशी लग्न करायच्या रीतीबद्दल सावध राहणं. घरात कुणाला लहानपणापासून रातांधळेपणा असेल, तर त्याच कुळात नातं जुळवण्याआधी आनुवंशिक सल्ला घ्यावा. हे बोलताना नातेवाईक दुखावतात. तरी बोलावं.

११. मोजायचं काय, आणि विचारायचं कुणाला?

जिल्ह्याचं नेत्रकार्य किती शस्त्रक्रिया झाल्या यावर मोजलं जातं. त्यामुळे शस्त्रक्रिया होतात. जे मोजत नाही, ते होत नाही. राष्ट्रीय पाहणीत अंधत्वाचं एक कारण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतली गुंतागुंत हेही निघालं होतं. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी किती दिसतं, हेसुद्धा आपण पुरेसं विचारत नाही.

जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पडद्याचे कॅमेरे, घेर मोजण्याचं यंत्र आणि जिल्ह्याला पांढऱ्या काठीने चालायला शिकवणारे निदान दोन शिक्षक हे सगळं बसू शकतं. रस्त्याच्या एखाद्या तुकड्याहून ते स्वस्त पडेल. पण समितीत हा विषय यावा म्हणून कुणीतरी विचारलं पाहिजे. जिल्हा शल्यचिकित्सकांना हे प्रश्न विचारता येतील: जिल्ह्यात काचबिंदूचे किती रुग्ण नोंदलेले आहेत आणि त्यांतले किती जण गेल्या तीन महिन्यांत थेंब घेऊन गेले? घेर मोजण्याचं यंत्र कुठे आहे आणि ते चालू आहे का? गेल्या वर्षी नवजात कक्षातून घरी गेलेल्या कमी वजनाच्या किती बाळांचे डोळे वेळेत तपासले गेले? नजर गेलेल्या किती जणांना पुनर्वसनासाठी पाठवलं, आणि कुठे?

तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.